लालकांडी

५ जाने.

खर्र-टक, खर्र-टक. पहाटे त्या आवाजाने जाग आली. वाघ गुरुजींच्या सायकलचं सैल चेनकव्हर. सायकल मोडीत जाऊन साठ वर्षं झाली असतील, पण आवाज तसाच, पांझरा नदीचा उतार उतरून शाळेकडे येणारा. तो ऐकला की आमची अख्खी चौथी गप्प. उठून बसलो. इथे सुरतेत शेजारच्या खात्यातले, म्हणजे कापडाच्या कारखान्यातले, माग चालू होते, दुसरं काही नाही.

मग लक्षात आलं की हे सगळं माईंमुळे. गेल्या महिन्यात धुळ्याच्या लग्नात भेटल्या. गुरुजींच्या पत्नी, वय शहाऐंशी. माझा हात धरून म्हणाल्या, "उत्तम, त्यांची ती नदीची कविता तुमच्यापैकी कोणापाशी आहे का रे? वह्या वाळवीने खाल्ल्या. मरायच्या आत एकदा पुरी ऐकायची आहे." मी म्हटलं, आहे ना माई, आणतो. म्हणताना वाटलं खरंच आहे.

घरी येऊन आठवायला बसलो. नऊ कडवी, दोन-दोन ओळींची. गुरुजींनी आमच्यासाठीच रचलेली, कुठे छापली नाही. मला येतात अडीच.

७ जाने.

सूनबाई वैशाली साड्यांना खडे चिकटवायचं काम घरी करते. आज हात पुसून माझ्या फोनवर एक फाईल करून दिली. म्हणजे वहीच, पण सगळ्यांची एकच. मी सुरतेत लिहिलेलं वर्गातल्या सिंधूला नवापूरला दिसणार, तिथून ती खोडणार, लिहिणार. चौथीच्या जुन्या वर्गाचा ग्रुप आहे, अकरा जण उरलोत, त्यावर टाकली. पहिलं कडवं मीच लिहिलं:

नदी म्हणाली डोंगराला, येते आता बाबा,
वाटेवरल्या शेतांवरती घेते थोडा थांबा.

लिहून झाल्यावर बराच वेळ नुसता बघत बसलो. पाटीवर नाही, काचेवर. पण ओळ तीच.

१० जाने.

फाईलमध्ये काही नाही. कडोदऱ्याच्या हिलाल आप्पाने "छान उपक्रम" लिहून हात जोडलेत. तेही कवितेच्या मध्येच.

दारातल्या खुर्चीत बसून. दिवाळीत खात्याच्या गेटवरची नोकरी सुटली तेव्हापासून ही खुर्ची आणि मी.

११ जाने.

आज गंमत. म्हणजे तेव्हा गंमत वाटली नाही. दुपारी फाईल उघडली तर पहिल्या कडव्याची दुसरी ओळ बदललेली:

वाटेवरती जेवण नाही, दिसेल का हो ढाबा?

खाली नाव "अनामिक साळिंदर". वै. म्हणाली, आपलं नाव न सांगता आत आलेल्याला फाईल अशी प्राण्यांची नावं देते. मी उभा राहिलो आणि हिलाल आप्पाला फोन लावला. तो म्हणाला, मी नाही रे, मला तर ढाबाच बरोबर वाटला. नवापूरला सिंधूला लावला. तीही नाही. पण चिडून तिने तिथल्या तिथे दुसरं कडवं पूर्ण सांगितलं. "ढाबा म्हणे. अरे, पुढे करवंदं येतात, विसरलात का?"

करवंदं. खरंच की.

१३ जाने.

परत साळिंदर. चौथं कडवं मी असं लिहिलं होतं:

कुणी भरावी घागर येथे, कुणी धुवावे पाय,
देता देता उरते ते मी, दुसरे माझे काय?

त्याने 'धुवावे पाय' खोडून 'धुवावी गाय' केलं. ग्रुपवर दिवसभर दंगल. हिलाल आप्पा म्हणतो गायच होती, आमची स्वतःची गाय पांझरेवर धुवायचो आम्ही. सिंधू म्हणते तुमची गाय कवितेत कशी येईल, गुरुजी काय तुमचे गुराखी होते? सहा जण बोलले. सहा. त्या भांडणात सहावं कडवं कोणाच्या तोंडून निघालं तेही आता सांगता येणार नाही:

काठावरच्या बाभूळबाई, काटे आवर थोडे,
तहानलेले पाय अनवाणी, त्यांना कुठले जोडे?

वाचताना डोळे भरले. आमच्यातल्या कोणाच्याच पायात काही नसायचं. ते गुरुजींनी बघितलं होतं.

१४ जाने.

उत्तरायण, पतंगांचा सण. गच्चीवर आमची सगळी लिंबायत वस्ती. कानठळ्या. माझ्या डोक्यात मात्र फाईल.

ग्रुपवर सिंधूने विचारलं, ह्या असल्या चाळ्याला म्हणावं तरी काय? मी लिहिलं, लालकांडी. खात्याबाहेरच्यांना कळलं नाही म्हणून सांगावं लागलं. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताची कांडी असते. संपली की विणकर पेटीतली दुसरी लावतो. खात्यात कोणी खोडकर असला की तो पांढऱ्या कांड्यांच्या पेटीत गुपचूप एक लाल टाकून ठेवतो. बेसावध माणूस न बघता लावतो, आणि पांढऱ्या कापडात बोटभर लाल पट्टा. सगळं कापड ठीक, मध्येच नदीला ढाबा.

शब्द सगळ्यांना आवडला. संध्याकाळी मुलाने, राजूने, भाजीत मीठ जास्त म्हटलं तर वै. हसून म्हणाली, "कोणीतरी लालकांडी केली असेल."

१६ जाने.

नवीन लालकांडी. बाभूळबाईच्या जागी 'सूनबाई': सूनबाई, काटे आवर थोडे. हसलो. मग चिडलो. मग फोन. आता सात कडवी पूर्ण, आठव्याचं अर्धं.

रोज सकाळी आधी फाईल, मग चहा.

१८ जाने.

आज वाईट केलं. लिहून ठेवतो.

लाल कांडी म्हटलं की मला एकच माणूस आठवतो. भिला. चौथीत शेवटच्या बाकावर, नंतर इथे एकाच खात्यात माझ्या शेजारच्या मागावर. मी कवितेच्या तंद्रीत उभा असायचो, आणि माझ्या पेटीत लाल कांडी टाकणारा तोच. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी शेठ माझ्यावर ओरडला तेव्हा मी त्याचं नाव सांगून टाकलं. त्याला खातं सोडावं लागलं. पुढे सुरतेच्या पार टोकाला, कोसाडला राहायला गेला. तेव्हापासून बोलणं लग्नाकार्यापुरतं.

दुपारी ग्रुपवर बोलून पाठवलं: "भिला, पुरे आता. ओळखलं तुला. माईंची कविता आहे ही, शेठचं कापड नाही."

त्याचं उत्तर आलं. म्हातारा झालाय आवाज. "उत्तम, मी नही करं भो. मना फोन बटनना शे, तो ग्रुप पोऱ्याना फोनवर चालस. माले ती फाईल उघडताबी येत नही. तुले आजूनबी तोच भिला दिखस का?"

लोकांनी हसणारे चेहरे टाकले. हिलाल आप्पाने लिहिलं, चोर कधी कबूल होतो? मी काही बोललो नाही. म्हणजे मीही हसलोच.

सहा वाजता ग्रुपवर करडी ओळ, भिला बाहेर पडल्याची.

२२ जाने.

चार दिवस एकही लालकांडी नाही. हिलाल आप्पा म्हणतो, बघ, सापडल्यावर थांबला. मलाही तसंच वाटलं, आणि बरं वाटलं नाही.

फाईल सुन्न. कोणी येत नाही. चूक नाही तर दुरुस्त काय करायचं?

२३ जाने.

सिंधूचा फोन. नवव्या कडव्याबद्दल. म्हणाली, "तुला आठवत नाही का? गुरुजींनी कडवी बाकावार वाटून दिली होती. दुसरं कडवं आमच्या बाकाचं, चौथं तुमचं. ज्याचं त्याने म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं."

तेव्हा कळलं की मला अडीचच का येतात. एक माझ्या बाकाचं, बाकी उडतउडत ऐकलेलं.

नववं शेवटच्या बाकाचं. त्याची पहिली ओळ सिंधूला येते:

दमले, दमले, समुद्रदादा, धर ना माझे बोट,

दुसरी कोणालाच येत नाही, कारण तोवर शाळा सुटायची घंटा व्हायची. आम्ही सगळे दप्तर उचलून ओरडत पळायचो, आणि शेवटचा बाक आपली ओळ त्या गलक्यात म्हणत राहायचा. रोज. आम्ही ती एकदाही ऐकली नाही.

शेवटच्या बाकावर तिघं होते. दोघं गेले. राहिला भिला.

२५ जाने.

दिवसभर पोट, ओठ, मोट, गोट जुळवून बघितले. गुरुजींची ओळ अशी जुळवून येणार नाही. आणि माईंना मी स्वतःची ओळ गुरुजींची म्हणून ऐकवू? ती तर खरीच लालकांडी होईल.

भिलाला कोणत्या तोंडाने विचारू?

२७ जाने.

साळिंदर परत आलं. पाचव्या कडव्यात वाळूच्या जागी पोंक, म्हणजे इथला हुरडा. "काठावरती पोंक पसरला." हिवाळ्यात सुरतकराला दुसरं काय सुचणार.

पण भिलाला तर फाईल उघडताही येत नाही, आणि तो ग्रुपवरही नाही. मग?

२८ जाने.

सापडलं.

जेवण झालं होतं. मी खुर्चीत, फोनवर फाईल. वै. समोर साड्यांच्या ढिगाला टेकून, तिच्या हातात तिचा फोन, काचेवर डिंकाचे डाग आणि दोन खडे चिकटलेले. माझ्या काचेवर तिसऱ्या कडव्यात एकेक अक्षर उमटायला लागलं. सहज वर बघितलं. तिचा अंगठा त्याच तालात हलत होता. अक्षर, अंगठा. अक्षर, अंगठा. ओठ दाबून हसत होती.

मी म्हटलं, "साळिंदर पाणी पिणार का?"

अंगठा थांबला. फोन पालथा ठेवून म्हणाली, "रागावलात?"

"आधी सांग."

"आबा, नोकरी सुटली तेव्हापासून तुम्ही ह्या खुर्चीत होता. हाक मारली तर ओ नाही. फाईल करून दिली, तिच्यातही काही होईना. म्हटलं, एक ओळ बिघडवून तर बघू. तुम्ही उभे राहिलात. उभं राहून फोन केलात, दोन-दोन माणसांना. संध्याकाळी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. म्हटलं, हे औषध बरं आहे."

"आणि यमकं?"

"मी काय अडाणी आहे? इथल्याच मराठी शाळेत सातवीपर्यंत कविता पाठ केल्यात."

मग तिचा आवाज उतरला. "भिलाकाकांचं नाव घ्याल असं वाटलं नव्हतं. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. गप्प बसले तर त्यांच्यावरच शिक्का बसला. म्हणून परत सुरू केलं, की निदान कळावं, ते नव्हते."

मी रागावलो का? शोधून बघितलं, राग कुठे सापडला नाही. सापडलं ते वेगळंच. ज्या पोरीला मी तीन महिन्यांत 'चहा दे' याखेरीज काही बोललो नाही, ती हात डिंकात असताना माझ्यासाठी यमकं जुळवत होती. तिचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. उठून दोघांचा चहा केला. साखर विसरलो. ती तसाच प्याली.

२९ जाने.

ग्रुपवर लिहिलं: "साळिंदर माझ्याच घरातलं निघालं. भिलाचा काडीचा दोष नाही. दोष माझा. सगळ्यांच्या देखत बोललो म्हणून सगळ्यांच्या देखत माफी."

हिलाल आप्पाचं उत्तर: "मग साळिंदराला बांधून ठेवू नको. माझं आठवं कडवं अजून अर्धं आहे."

पण भिला ग्रुपवर नाही. त्याला कोण सांगणार?

३१ जाने.

कोसाडला जाऊन आलो, वै. ला बरोबर घेऊन. ती म्हणाली, चूक माझीही आहे, मी येते.

भिलाची बायको दारात. "ते नहीत घरमा." चपला उंबऱ्याशीच होत्या. आतून गुडघ्याला लावायच्या तेलाचा वास.

मी तिथेच उभा राहून, आत ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं, "वहिनी, भिलाला सांगा, फाईलचं त्याने केलं नव्हतं. मी उगाच नाव घेतलं. आणि खात्यातलंही सांगा. लाल कांडी पेटीत टाकणारा तो असेल, पण न बघता धोट्यात लावणारा मीच होतो. शेठला मी अर्धीच गोष्ट सांगितली."

आत कोणीतरी खोकलं. वै. ने वाकून वहिनींना नमस्कार केला. वहिनींनी दोघांना पाणी दिलं. बस.

परतीच्या रिक्षात वै. म्हणाली, "ओळ नाही विचारली?"

"माफी मागायला गेलेल्याने हात पसरू नये, बेटा."

२ फेब्रु.

हिलाल आप्पाचं आठवं पूर्ण झालं. गायीमुळेच. ती धुताना तो काय गुणगुणायचा ते आठवत गेला, आणि ओळ आली. आता म्हणतो चौथ्यात गाय ठेवाच, कृतज्ञता म्हणून. सिंधूने नकार दिला.

साडेआठ कडवी. कोण म्हणालं असतं महिन्यापूर्वी? दहा म्हातारे, त्यातले चौघं मोतीबिंदूवाले, काचेवर बोटं आपटत. मला ही सगळी माणसं परत मिळाली. कविता तर मिळालीच.

वै. ने विचारलं, आता लालकांडी बंद करू ना? म्हटलं, रविवारी एखादी चालेल.

४ फेब्रु.

माई सुरतेत आल्यात. डोळ्याचं ऑपरेशन झालं, कोसाडलाच नातवाकडे उतरल्यात. फोनवर बोललो. म्हटलं, माई, येत्या रविवारी येतो, कविता घेऊन.

"पुरी झाली का?"

"एक ओळ राहिलीय."

"कोणती?"

"शेवटची."

मग म्हणाल्या, "ते गुणगुणत रचायचे, मी चुलीपाशी असायचे. शेवटची ओळ मला कधी ऐकवली नाही. म्हणायचे, ती शेवटच्या बाकाची, आधी त्यांची."

मी सांगून टाकलं की तो बाक माझ्यावर रुसलाय. का रुसलाय तेही सांगितलं, दोन्ही वेळचं. माई रागावल्या नाहीत. पण "बरं" म्हणून फोन ठेवला. रात्रभर त्या 'बरं'चा अर्थ लावत पडलो.

५ फेब्रु.

वै. ने कागदावर मोठ्या अक्षरांत साडेआठ कडवी उतरवून दिली. खाली एका ओळीची जागा कोरी. अक्षर सुंदर आहे तिचं. इतकी वर्षं बघितलंच नव्हतं. शेवटी एक खडा चिकटवलाय, निळा. म्हणाली, नदीला.

कोरी जागा तशीच घेऊन जाणार. माई ऐकतील तेव्हा तिथे थांबेन. खोटं घालणार नाही.

६ फेब्रु.

दुपारी साडेतीनला बेल वाजली. वै. म्हणाली, साड्यांचं पोतं आलं असेल, आबा, दार उघडा, माझे हात भरलेत.

दारात माई. काळा चष्मा, एक हात कठड्यावर, दम लागलेला. तीन मजले चढून.

"रविवारपर्यंत कोणी थांबायचं?" म्हणाल्या. "शहाऐंशी झाली मला."

"माई, एकट्या?"

"एकटी कशी येईन, दिसतंय कुठे धड. खाली रिक्षात बसलाय तो. म्हणतो, गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. मी चढले, आणि ह्याचे गुडघे."

मी नाव विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आत येता येता म्हणाल्या, "मीच बोलावलं होतं काल त्याला घरी. म्हटलं, तुझ्या बाकाची ओळ म्हण बरं. तर म्हणे, माई, उत्तम इतक्या लांब येऊन गेला आणि ओळ विचारलीच नाही. तो विचारील तेव्हा म्हणेन."

वै. ने त्यांना बसवलंय. हाताचा डिंक पुसून पाणी देतेय. माई तिला विचारताहेत, साळिंदर ते तूच का ग? आणि मला: हा काय लिहीत बसलाय, शाळा सुटली का ह्याची?

चपला घातल्या आहेत. उभ्यानेच लिहितोय. खाली रिक्षाचा हॉर्न दोनदा वाजला. आधी गुडघ्यांचं विचारावं की ओळीचं, ते अजून ठरत नाही. तीन जिने आहेत मध्ये.